रामही तोच, सीताही तोच

आमच्या कंपनीतल्या पुनर्रचना शुक्रवारी संध्याकाळी जाहीर होतात. यामागे मोठा विचार आहे म्हणतात. माणसाला चिडायला शनिवार-रविवार हक्काचे मिळतात आणि सोमवारी तो दमून, निमूटपणे नव्या खुर्चीत येऊन बसतो. मेलची भाषा ठरलेली असते. एका नव्या प्रवासाला निघताना आनंद होत असल्याचं तीत कळवलेलं असतं. आनंद नेमका कोणाला होतोय, तेवढं लिहायचं राहून जातं.

मुख्य ऑफिस दूर, आम्ही नाशिकची शाखा. टीमना नावं द्यायची वेळ आली तेव्हा कोणीतरी जिल्ह्यातले किल्ले सुचवले आणि अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज अशा चार टीम झाल्या. साल्हेरचं नाव मुद्दाम टाळलं. तो महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. एका टीमला ते नाव दिलं असतं तर बाकीच्यांनी अप्रेझलच्या वेळी तो मुद्दा काढला असता. आमच्या टेस्टिंगच्या मॅडम दिवाळीला अंजनेरीवर होत्या, संक्रांतीला ब्रह्मगिरीवर आणि शिमग्याला हरिहरवर. पाडव्याच्या आधी त्यांना रामशेजवर धाडल्याचा मेल आला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "गिर्यारोहणाचा भत्ता मिळतो का ते विचारते एकदा एचआरला."

आमचं काम अजाइल पद्धतीनं चालतं. हा प्रकार ज्यांच्या वाट्याला आलेला नाही अशा सुखी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सॉफ्टवेअरमधली 17 माणसं जमली आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, आणि पद्धती-साधनांपेक्षा माणसं व त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं, असा त्याचा आशय. तेव्हापासून जगभर दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून काम चालतं. तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. रोज सकाळी उभ्यानं सभा होते, तिला स्टँडअप म्हणतात. उभं राहिलं की माणूस कमी बोलतो, असा त्यामागचा तर्क. पानाच्या टपरीपाशी, गाडीला किक मारायच्या बेतात उभा असलेला नाशिककर तासभर सहज बोलू शकतो, ही माहिती स्नोबर्डपर्यंत पोचली नसावी.

त्या जाहीरनाम्यात माणसांना पहिला मान आहे. पण ही माणसं एकत्र ठेवायची किती दिवस, याबद्दल अवाक्षर नाही. मग भांडण झालं नसतं तरच नवल. आमच्या कॅन्टीनमध्ये या प्रश्नावरून सरळ दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, टीम एकदा जमली की तिला हात लावू नका. काम तिच्याकडे आणा. दुसरा पक्ष म्हणतो, काम कुठं उपटेल सांगता येत नाही. जिथं आग लागली तिथं माणसं हलवा. पहिल्या पक्षात बहुतेक करून काम करणारे आहेत आणि दुसऱ्यात काम वाटणारे. अपवाद दोन्हीकडे आहेत. एका तरुण मुलाला दर तीन महिन्यांनी टीम बदललेली आवडते, कारण त्यामुळे त्याचे जुने बग त्याला सापडत नाहीत.

विद्वानांना विचारावं तर ते बरेचसे पहिल्या पक्षाकडे झुकलेले दिसतात. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावर 1975 मध्ये एक पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो, हे त्यातलं गाजलेलं सूत्र. हिशेब सोपा आहे. 5 माणसांत बोलण्याच्या जोड्या होतात 10. माणसं 10 केली की जोड्या होतात 45. शिवाय नव्या माणसाला कोणीतरी शिकवायला हवं, आणि शिकवणारा तोच, ज्याच्याकडे आधीच वेळ नव्हता. ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाचे चार टप्पे सांगितले: माणसं जमतात, भांडतात, रुळतात, मग कामाला लागतात. 1977 मध्ये त्यांनी त्यात पाचवा टप्पा घातला: पांगतात. आमच्या शाखेनं मधले दोन टप्पे गाळून दुसऱ्यावरून थेट पाचव्यावर जाण्याची सोय केली आहे.

मला सर्वांत पटलेला दाखला विमानांचा आहे. हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन यांनी आयुष्यभर टीम या विषयाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या विमान-अपघातांच्या सरकारी नोंदींवरून ते सांगत, की 73 टक्के प्रसंग वैमानिकांच्या त्या चमूच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी घडलेले होते. त्यांनी सांगितलेली नासाच्या एका पाहणीची गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे. बरोबर उडून उडून थकलेल्या वैमानिकांनी चुका केल्या त्या विश्रांती घेऊन ताजेतवाने आलेल्या, पण एकमेकांना अनोळखी असलेल्या वैमानिकांच्या साधारण निम्म्या. म्हणजे झोप पुरी झाली नसली तरी चालेल. शेजारी बसलेला कधी खाकरतो आणि का, ते ठाऊक हवं. हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आपण काही विमान उडवत नाही."

बरोबर आहे. आम्ही द्राक्षं उडवतो. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं पॅकहाऊसमध्ये येतात, निवडली जातात, तोलून खोक्यांत भरली जातात, गार होतात आणि बोटीनं युरोपला जातात. त्या तोलण्या-भरण्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. त्यात एका ठिकाणी खोक्याच्या ठरलेल्या वजनात काही ग्रॅम जास्त धरलेले होते. का, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यानं ते लिहिलं तो तेव्हा हरिहरवर गेला होता. नव्या टीममधल्या चलाख मुलाला ते दिसलं. त्याला वाटलं, चूक आहे. त्यानं ते काढून टाकलं आणि स्प्रिंटच्या शेवटी टाळ्याही घेतल्या. द्राक्षाला देठ असतं, देठ सुकतं, प्रवासात माल वजनाला उतरतो, म्हणून भरतानाच थोडं जास्त भरायचं असतं, हे पॅकहाऊसमधल्या खोकी भरणाऱ्या कुठल्याही बाईनं त्याला सांगितलं असतं. पण ती त्याच्या टीममध्ये नव्हती. हे सगळं ऐन फेब्रुवारीत झालं. त्या आठवड्यात आमच्या फोनवर जे मराठी ऐकू आलं ते शब्दकोशात घालण्यासारखं आहे, पण घालणार नाहीत.

रामशेज हे नाव टीमला देताना कोणी त्या किल्ल्याचा इतिहास आठवला होता की नाही, कोण जाणे. नाशिकहून पेठच्या रस्त्यावर, दिंडोरी तालुक्यातला हा बुटका किल्ला. संभाजीराजांच्या काळात, 1682 च्या सुमारास मोगलांनी त्याला वेढा घातला आणि तो पाचेक वर्षं हाती लागला नाही. आत मूठभर मावळे, बाहेर हजारोंची फौज. आतली माणसं तीच राहिली, बाहेरचे सरदार बदलत राहिले: शहाबुद्दीनखान झाला, बहादूरखान झाला, कासिमखान झाला. दर वेळी नवी रचना, नवा उत्साह. एका खानाला बाहेरून तज्ज्ञ आणायचीही बुद्धी झाली. तो मांत्रिक होता. त्यानं 100 तोळे सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून, फौज मागे ठेवून, ऐटीत किल्ल्याकडे निघाला. वरून गोफणीचा एक गुंडा आला आणि सल्लामसलत संपली. ही कथा मी आमच्या अजाइल कोचना सांगितली नाही; माणूस भला आहे.

रामशेजचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. सांगतात ते असं, की किल्लेदाराच्या पराक्रमावर खूश होऊन त्याचा सत्कार झाला आणि बढती देऊन त्याला दुसऱ्या किल्ल्यावर नेमलं. त्याच्या जागी नवा किल्लेदार आला. मोगलांनी त्याला पैसे चारले आणि किल्ला घेतला. पाच वर्षांत तोफांना जे जमलं नाही ते एका बदलीनं झालं.

पण लढाईचे दाखले फार ताणू नयेत. किल्ला राखणं वेगळं आणि काही नवं घडवणं वेगळं. नवं घडवणाऱ्या टीमचा दाखला हवा असेल तर नाशिककरांना पांडवलेण्यांच्या पायथ्यापलीकडे जायची गरज नाही. तिथं ज्यांचं स्मारक आहे, ते धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. मृत्यू नाशिकचा, 16 फेब्रुवारी 1944. त्यांच्या नावाच्या पुरस्कारामुळे सगळे त्यांना ओळखतात आणि स्मारकामुळे सहलीला येतात. पण 1913 साली या माणसानं मुंबईहून आपलं सगळं बिऱ्हाड आणि सगळी टीम उचलून नाशिकला आणली, हे फारसं कोणाच्या ध्यानात नसतं. आमच्या गावातली पहिली प्रॉडक्ट कंपनी ती.

तिची सुरुवात अर्थात मुंबईत झाली होती. 1912 मध्ये फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या मागे लागले. पैसा नव्हता, म्हणून आधी वाटाण्याचा अंकुर कुंडीत कसा वाढतो त्याचं छोटं चित्रण करून दाखवलं आणि भांडवल उभं केलं. सगळं बांधून झाल्यावर दाखवण्यापेक्षा थोडंसं चालतं करून दाखवा, म्हणजे पैसेवाला खुलतो. स्नोबर्डची मंडळी याच निष्कर्षाला आली, फक्त 89 वर्षांनी. पुढं प्रश्न आला माणसांचा. सिनेमा म्हणजे काय तेच कोणाला ठाऊक नव्हतं, मग त्यात नोकरी करणारा सोयरिकीच्या वेळी काय सांगणार? फाळक्यांनी तोडगा काढला. कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणून सांगा. परेश मोकाशी यांच्या 2009 च्या चित्रपटाचं नाव इथूनच आलं.

हरिश्चंद्र मिळाला, रोहिदास घरातच होता, तारामती मिळेना. बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नव्हत्या. जिथं विचारायला भलेभले कचरतील अशा वस्तीतही फाळके विचारून आले. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांची नजर तिथल्या आचाऱ्यावर पडली. सडपातळ बांधा, नाजूक हात. हे अण्णा साळुंके. पगार महिना 10 रुपये. फाळक्यांनी 15 देऊ केले आणि आचारी राणी झाला. 50 टक्के वाढ आणि शिवाय पद बदलून! आजही आयटीत एवढं मिळवायचं तर तीन महिन्यांचा नोटीस पीरियड भरावा लागतो. मिशा काढण्यावरून बायकांची कामं करणाऱ्या नटांनी अडून पाहिलं, कारण बाप गेल्याशिवाय मिशी काढायची नाही असा रिवाज होता. त्यांचीही समजूत काढली. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि चालला.

खरी गंमत पुढं नाशिकला झाली. इथं गोदावरी होती, देवळं होती, डोंगर होते, आणि फाळक्यांभोवती राहणारी-जेवणारी माणसं होती. एकाच आवारात राहायचं, एकाच पंगतीला बसायचं आणि पडेल ते काम करायचं. सरस्वतीबाई फाळक्यांचंच पाहा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या बघत. रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडत, कारण ती तशीच येई. रसायनं कालवत, फिल्म धूत, आणि दिवसा चित्रीकरण असलं की उन्हात तासन्‌तास पांढरी चादर ताणून उभ्या राहत, म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड पडेल. तारामतीचं काम तूच कर, असं फाळक्यांनी त्यांना म्हटलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. उरलेली सगळी कामं मग करणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. हल्ली नोकरीच्या जाहिरातींत फुल-स्टॅक असा शब्द असतो. तो वाचला की मला ती चादर दिसते.

आणि साळुंके. 1917 मध्ये 'लंकादहन' आला. त्यात राम होते अण्णा साळुंके. सीता होती तीही अण्णा साळुंके. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून हात जोडत, आणि अशोकवनातल्या सीतेला पाहून डोळे टिपत. दोन्ही वेळा समोर ग्रँट रोडचा आचारी होता. सीतेची देहयष्टी जराशी भरलेली होती हे काहींना खटकलं असेल, पण विरहात तेवढं चालतं. पुढं हेच साळुंके कॅमेऱ्याच्या पलीकडे गेले आणि छायाचित्रणही करू लागले. स्वयंपाकघर, जनानखाना, सिंहासन आणि कॅमेरा, असा प्रवास एकाच माणसानं, एकाच टीममध्ये राहून केला.

इथंच कॅन्टीनमधले आमचे दोन्ही पक्ष मला गोंधळलेले वाटू लागतात. फाळक्यांची टीम स्थिर होती की लवचिक? माणसं पाहाल तर स्थिर, वर्षानुवर्षं तीच. कामं पाहाल तर पाण्यासारखी. आज राम, उद्या सीता, परवा कॅमेरा. गरज पडली तेव्हा बाहेरची माणसंही आली. नाशिकला आल्यावरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमळाबाई मोहिनी. दोघी नाटकमंडळीतून आल्या, पडद्यावरच्या पहिल्या बायका ठरल्या आणि आपल्या रंगभूमीकडे परत गेल्या. पण आतला गाभा हलला नाही. आमच्याकडे गणित बरोबर उलटं बसवलंय. टेस्टिंगच्या मॅडम चारही किल्ले फिरल्या, पण प्रत्येक किल्ल्यावर टेस्टिंगच करत राहिल्या. त्यांना आकडेमोडीचा भाग लिहून पाहायचा आहे. पॅकहाऊसवाल्यांशी बोलण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नाही, कारण त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतचं आणि देठ सुकतं हे त्यांना फ्रॉकमध्ये असल्यापासून ठाऊक आहे. माणूस हलवला, काम खिळ्यानं ठोकून ठेवलं. याला लवचिकता म्हणतात.

फाळक्यांच्या घरात सगळं गोकुळ होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ते मालक होते, हट्टी होते, आणि खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात कलावंताचा होता. 1 जानेवारी 1918 ला मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार करून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर ही मंडळी पैसा घेऊन आली. सुरुवात झोकात झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांत फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. फाळक्यांनी नट आणि तंत्रज्ञ तयार करण्यासाठी शिकवणीचा स्टुडिओही काढला. पण भागीदार म्हणू लागले, खर्च कमी करा, वेळ कमी लावा. फाळके म्हणू लागले, तुम्ही पैशाचं पाहा, चित्रपटाचं मी पाहतो. हा संवाद मी दर तिमाहीला ऐकतो, फक्त इंग्रजीत. काही वर्षांतच फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथं बसून त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. विषय अर्थातच रंगभूमीचं जग.

फाळक्यांवाचून कंपनीचं काम थांबलं नाही, कारण हाताखाली शिकलेली माणसं होती. पण पूर्वीचा रंग चढेना आणि पैशाची ओढाताण होऊ लागली. 1922 मध्ये फाळके परत आले. या वेळी भागीदार म्हणून नव्हे. निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, महिना 1,000 रुपये पगारावर. आपणच लावलेल्या झाडाखाली आपणच भाड्यानं बसायचं, हा अनुभव हल्ली स्टार्टअपवाल्यांना येतो. नाशिकनं तो शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे.

आणि याच घराची दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर लबाडी होईल. तीच माणसं, तीच पुराणं, तीच गोदावरी. 14 मार्च 1931 ला मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला, तेव्हा फाळके 'सेतुबंधन' हा मूकपट करत होते. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. त्यांचा एकमेव खरा बोलपट 'गंगावतरण' 1937 मध्ये निघाला, तो कोल्हापूरला, दुसऱ्याच्या कंपनीत, परक्या चमूबरोबर. एकत्र राहून राहून माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करू लागतात, आणि मग बाहेरचं वाक्य कानावर आलं तरी ऐकू येत नाही. राल्फ कॅट्झ यांनी 1982 मध्ये 50 संशोधन गटांची पाहणी मांडली. गट जुना होत जातो तसं काम आधी सुधारतं, पण पाचेक वर्षं उलटली की घसरू लागतं. कारण माणसं आळशी होतात असं नाही; ती बाहेरच्यांशी बोलायची कमी होतात. आमचे मॅनेजरसाहेब हा कॅट्झ अगदी तोंडपाठ असल्यासारखा सांगतात. त्यातलं पाच हे वर्षांचं माप आहे, महिन्यांचं नाही, एवढाच तपशील त्यांच्या सांगण्यात गळतो. आमच्या टीमना शिळं व्हायला कोणी मुदतच देत नाही.

चटकन जमून चटकन पांगणाऱ्या टोळीची नाशिकला नावड आहे असंही नाही. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की आख्खं गाव तेच करतं. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. ती आठवण 2015 च्या मेळ्याआधी सगळ्यांच्या मनात होती. नाशिकमध्ये वाढलेले आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकवणारे रमेश रासकर यांनी 2014 पासून इथं कुंभथॉन भरवली. विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनिअर, महापालिकेचे लोक, ज्यांची आदल्या दिवशी ओळख नव्हती अशांचे गट बसले आणि मेळ्याचे प्रश्न वाटून घेतले. त्यातून इथल्या एका शाळकरी मुलाची गर्दी मोजणारी चटई आली: तिच्यावरून माणसं चालली की पावलं मोजली जात, म्हणजे कुठं दाटी होतेय ते आधी कळावं. कुठल्याही स्थिर टीमनं हे काम हाती घेतलं असतं की नाही, शंका आहे. गटात एक शाळकरी मुलगा हवा, हे तिच्या आराखड्यातच बसलं नसतं.

पण त्याच मेळ्यात रामकुंडावर ज्यांचं शाही स्नान होतं ते वैष्णवांचे तीन आखाडे, निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर, आणि त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करणारे बाकीचे दहा, हे काही कुंभथॉनला जमलेले नसतात. ते शतकानुशतकं चालत आलेले आहेत. आणि काही आखाड्यांत पदाधिकारी नव्यानं निवडले जातात तेही मेळ्यातच. म्हणजे पुनर्रचना त्यांनाही चुकलेली नाही. फक्त ती भर दिवसा, सगळ्यांदेखत, काही वर्षांतून एकदा होते, शुक्रवारी संध्याकाळी मेलवर होत नाही.

हे सगळं मी परवाच्या रेट्रोमध्ये मांडलं. रेट्रो म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते सगळ्यांनी मोकळेपणानं सांगायची सभा, जिच्यात सगळे जपून बोलतात. मी म्हटलं, किल्ले बदलू नका, वर्षभर तरी. बदलायचंच असेल तर काम बदला. मॅडमना दोन स्प्रिंट कोड लिहू द्या. कोड लिहिणाऱ्या पोरांना आठवडाभर मोहाडी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये खोकी भरायला पाठवा. आणि उदाहरण म्हणून अण्णा साळुंके सांगितले.

आश्चर्य म्हणजे मॅनेजरसाहेबांना ते आवडलं. त्यांनी तिथल्या तिथं एचआरच्या ताईंना फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कल्पना छानच आहे सर, पण सिस्टीममध्ये एका एम्प्लॉयी नंबरला एकच रोल बसतो. ड्रॉपडाउन आहे. राम तरी निवडा नाहीतर सीता तरी."

"दोन नंबर देऊन पाहा की," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"देता येतील. पण मग वर्षअखेरीला थ्री-सिक्स्टी फीडबॅकमध्ये रामाला सीतेबद्दल लिहावं लागेल, सर. आणि ते गोपनीय असतं."

मॅडम तेवढ्यात म्हणाल्या, "चालेल. सीतेबद्दल काय लिहायचं ते माझ्या रामाला आधी सांगून ठेवते."